पंचांगातून गळालेली रंगपंचमी

ह्या अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "लीलाताई, तुम्ही उज्जैनच्या पहिल्या कॉम्प्युटरवाल्या बाई. तरुण मुलींना प्रेरणा मिळेल असं काही लिहा." पहिली वगैरे मी नव्हते, पण कौतुक कोणाला नको असतं, मी हो म्हणून टाकलं. मग चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले आणि प्रेरणा देण्याजोगं एकही आठवेना. जे आठवत होतं ते हेव्याचं होतं. माझ्या हेव्याचं. ते छापायचं की नाही हे आता बाईंनी ठरवावं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दिल्लीहून बाहेरच्या देशातले सुटे भाग खोक्यांनी यायला लागले होते, एसटीडी बूथवाले "इंटरनेट" अशी पाटी रंगवून घेत होते, आणि टावर चौकाच्या मागच्या गल्लीत, एका मिठाईच्या दुकानाच्या वर, सुराणाजींचं कॉम्प्युटर सेंटर होतं. तिथे मी अकरा वर्षं काम करत होते. कॉलेजांचे निकाल, मतदारयाद्या, शाळांची वेळापत्रकं, आलं ते काम आम्ही करत असू. यंत्रं एसीच्या खोलीत. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, देवघरात जातात तसं. माझं टेबल त्या खोलीत होतं, आणि मे महिन्यात उज्जैनला ज्यांनी दुपार काढलीय त्यांना त्या टेबलाची किंमत वेगळी सांगायला नको.

आमच्या सगळ्या कामांत मला प्रिय होतं ते दाजीशास्त्रींचं पंचांग. दाजीशास्त्री म्हणजे आमचे दाजीकाका, माझ्या वडिलांचे स्नेही. त्यांचं घराणं दरबारी जोश्यांचं, दोन-अडीचशे वर्षांपूर्वी दक्षिणेतून इकडे आलेलं. त्यांचं पिवळ्या वेष्टनाचं बारीकसं पंचांग देवास, धार, महू, इंदूर अशा गावांतल्या मराठी घरांत जायचं. आजोबांपासून सगळं गणित घरात, पाटीवर. पण काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा ते काठी टेकत आमचा जिना चढून आले आणि सुराणाजींना विचारलं, "तुमच्या यंत्राला गणित येतं का हो?" सुराणाजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी गणितात एम.एस्सी., शाळेतली मास्तरकी सोडून आलेली. तो सबंध पावसाळा मी काकांच्या ओसरीवर बसून पंचांगाचं गणित शिकले आणि मग त्याचा प्रोग्राम लिहिला.

त्यातल्या दोन गोष्टींची माहिती वाचकांना हवी, म्हणजे पुढचं समजेल. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. सूर्य उगवताना जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. एखादी तिथी मात्र सूर्योदयानंतर लागते आणि दुसऱ्या सूर्योदयाआधीच संपून जाते. तिच्या वाट्याला दिवसच येत नाही. तिला क्षयतिथी म्हणतात. म्हणजे पाच मिनिटांच्या फरकाने एखाद्या तिथीला दिवस मिळतो किंवा ती गायब होते.

दुसरी गोष्ट यंत्राची. आमची जुनी यंत्रं आकडा लक्षात ठेवायची ते फार तर सात अंकांपर्यंत. वर्षभर रोज चंद्राची चाल मिळवत गेलं की बेरीज फुगते आणि रोज तिची बारीक शेपटी गळून पडते. एका दिवसाचं काहीच वाटत नाही, पण वर्षाअखेरीला ते काही मिनिटांवर जातं. मी त्याच्यावर दोन ओळींचा इलाज केला होता. रोजच्या बेरजेनंतर काय गळालं ते मोजायचं, बाजूला ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या बेरजेत घालायचं. धान्य मापताना परातीत सांडलेलं आपण परत मापात टाकतो, तेवढंच. शाळेतल्या बीजगणिताने बघितलं तर त्या दोन ओळींचं उत्तर शून्य येतं. यंत्रात ते शून्य नसतं. त्या दोन ओळींवर माझा फार जीव होता आणि त्या मी कोणालाही दाखवल्या नव्हत्या.

मग हेमंत व्यास आला.

अठ्ठावीस वर्षांचा, उज्जैनचाच, भैरवगढ़कडचा. बंगलोरला चार वर्षं नोकरी करून वडिलांच्या आजारपणामुळे परत आला होता. सुराणाजींनी त्याला ठेवून घेतलं. पहिल्याच आठवड्यात त्याने सांगितलं की ही विकतची सिस्टीम काढून टाकू, फुकट मिळणारी सिस्टीम आहे, तिचा सगळा सोर्स कोड सोबत येतो, ती आपण इथेच आपल्या यंत्रांच्या मापाने बांधून घेऊ. "बांधून घेऊ" हा शब्द त्याने असा उच्चारला की सुराणाजींना जणू नवीन मजला चढवतोय असं वाटलं असावं. ते लगेच तयार झाले.

सोर्स कोड म्हणजे माणसाने लिहिलेलं. यंत्राला ते वाचता येत नाही. कंपायलर नावाचा एक प्रोग्राम ते यंत्राच्या भाषेत उतरवतो. उतरवताना तो थोडी काटछाटही करतो, म्हणजे काम जल्दी व्हावं. किती काटछाट करायची हे त्याला आपण सांगायचं असतं. त्या सांगण्याला फ्लॅग म्हणतात. 'ओ-टू' म्हटलं की तो बेताने, सभ्यपणे करतो. 'ओ-थ्री' म्हटलं की हात मोकळा सोडतो. आणि त्याच्याही पुढे काही फ्लॅग आहेत, ज्यांत आपण कंपायलरला लिहूनच देतो की बाबा, तू काहीही गृहीत धर, आमचं काही म्हणणं नाही. 'फास्ट-मैथ' हा त्यातला एक. त्याचा अर्थ: गणित शाळेतल्या नियमांनी चालतं असं समज आणि सुटसुटीत कर.

हेमंतला गतीचा नाद होता. त्याने कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा, लायब्ऱ्या म्हणजे सगळ्या प्रोग्रामांना लागणारे आयते तुकडे, सगळं 'ओ-थ्री' लावून बांधायला घेतलं. तीन दिवस सहा यंत्रं नुसती घरघरत होती आणि पडद्यावर ओळी पळत होत्या. मी टेबलाशी बसून बघत होते. त्याला जे येतं ते मला येत नव्हतं, हे मला त्या तीन दिवसांत कळलं. चौथ्या दिवशी त्याने सगळ्यांना बोलावून एका कॉलेजचा निकाल चालवून दाखवला. जे काम चालू करून आम्ही चहा-पोहे खाऊन, वर गप्पा मारून परत यायचो, ते चहा येण्याआधी संपलं. सुराणाजींनी खालून जलेबी मागवली. मला म्हणाले, "लीलाजी, आपने तो कभी बताया ही नहीं कि ऐसा भी हो सकता है."

त्या जलेबीचा एक तुकडा मी खाल्ला. बाकीचा कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला. मी त्याच्यावर जळत होते, उगाच सोज्वळ शब्द कशाला शोधू. त्याचा हेवा वाटायचा म्हणजे सगळ्याचाच वाटायचा. की-बोर्डकडे न बघता तो टाइप करायचा त्याचा. चहावाला पहिला ग्लास त्याला द्यायचा त्याचा. कॉलेजचे प्राध्यापक, जे माझ्याशी अकरा वर्षं "मॅडम, जरा बघा ना" असं बोलत, ते त्याला "व्यासजी" म्हणायला लागले त्याचा. आणि मग माझं टेबल एसीच्या खोलीतून बाहेर आलं. सुराणाजी म्हणाले, "हेमंत को मशीन के पास बैठना पड़ता है ना." हेमंतने स्वतः ते टेबल उचलायला मदत केली आणि माझ्या खिडकीला पडदा लावून दिला. त्या पडद्याचाही मला राग आला. वाईट वागला असता तर माझं काम सोपं झालं असतं.

पहिला घोटाळा प्रिंटरचा झाला. निकाल छापताना प्रिंटर मधेच ठप्प व्हायचा. कोणीतरी एखादी कळ दाबली की पुन्हा चालू. प्रिंटरशी बोलणारा प्रोग्राम इंदूरच्या कोणा माणसाने कधीकाळी घाईत लिहून दिला होता. त्यात एक घिरटी होती: प्रिंटर तयार आहे का? नाही. आता आहे का? नाही. आता? असं विचारत राहायचं. कंपायलरने ते वाचलं आणि ठरवलं की मधल्या वेळात हे उत्तर बदलणारं इथे कोणी दिसत नाही, तर एकदा विचारलं तेवढं पुरे. प्रिंटर बिचारा तयार होऊन बसलेला आणि त्याला कोणी विचारायलाच जात नाही. घाईघाईने बांधलेल्या सिस्टीमचं हेच असतं. ती सबंध पडली तर बरं, आपल्याला कळतं तरी. ती कुठेतरी कोपऱ्यात चुकते आणि बाकी सगळं झकास चालू असतं.

मी त्या दिवशी फार खूष होते. घरी जाऊन गोड शिरा केला, नवऱ्याने विचारलं आज काय आहे, मी म्हटलं काही नाही, सहज. दुसऱ्या दिवशी हेमंतने दुपारपर्यंत दोष शोधून काढला, एका शब्दाची भर घातली आणि प्रिंटर धावायला लागला. सुराणाजींनी त्याची पाठ थोपटली. ज्याने बिघडवलं त्यालाच शाबासकी मिळाली आणि माझा शिरा फुकट गेला.

पण त्या प्रकारानंतर तो सावध झाला होता, हे मला त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. एका शनिवारी दुपारी, चहा यायचा होता, तो माझ्या टेबलाशी आला. खुर्ची ओढून बसला.

"ताई, एक बात पूछनी थी. सोमवार को मैं पूरा सिस्टम फिर से बना रहा हूँ, इस बार फास्ट-मैथ के साथ. अपने सारे प्रोग्राम भी उसी में बनेंगे. आपके पंचांगवाले में कुछ ऐसा तो नहीं ना, जहाँ जोड़-बाकी का क्रम बदलने से फर्क पड़े?"

त्याने नेमकं तेच विचारलं. एवढ्या हुशारीने विचारलं की मला आधी त्या हुशारीचाच हेवा वाटला. मला त्या दोन ओळी डोळ्यांपुढे दिसल्या. कंपायलर त्यांचं काय करणार हेही दिसलं. तो म्हणणार, ह्याचं उत्तर शून्य आहे, काढून टाका. मी म्हणायला हवं होतं, हो, आहे, पंचांगाला तो फ्लॅग लावू नकोस. एवढं एक वाक्य.

"नाही रे," मी म्हटलं. "साधं गणित आहे."

"पक्का ना, ताई?"

"पक्का."

मी असं का केलं हे मी स्वतःला नंतर पुष्कळदा विचारलं. थोडं असं होतं की त्या ओळी मला त्याला दाखवायच्या नव्हत्या. त्याने त्या बघितल्या असत्या, मान हलवली असती आणि संध्याकाळपर्यंत त्याहून चांगल्या लिहिल्या असत्या. पण खरं सांगायचं तर तो तोंडावर आपटावा असं मला वाटत होतं, आणि ह्या वेळी सगळ्यांच्या समोर.

मंगळवारी पुढच्या वर्षाचं पंचांग चाललं. झरझर बाहेर आलं. मी फाल्गुनाची पानं घरी घेऊन गेले, कारण शेपट्या वर्षभर गळत गेल्या की दोष शेवटच्या पानांवर दिसणार हे मला ठाऊक होतं. जुन्या यंत्रावर मी आधी एकदा ते वर्ष चालवून ठेवलं होतं, त्याच्याशी ताडून बघितलं. चैत्र अगदी बरोबर. श्रावणात दोन-चार मिनिटं. फाल्गुनात नऊ मिनिटं. आणि फाल्गुन वद्यात ती नऊ मिनिटं बरोबर सूर्योदयावर येऊन पडली होती. खरं म्हणजे चतुर्थीचा क्षय होता आणि बुधवारी पंचमी. नव्या कागदावर बुधवारी चतुर्थी होती, गुरुवारी षष्ठी, आणि पंचमीचा क्षय. ज्या पंचमीला सगळा माळवा रंगात भिजतो, ती पंचमीच नव्हती.

मी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवले. मनात म्हटलं, काका धरतील. काकांच्या हातून आजवर काही सुटलेलं नाही. ते धरतील, विचारतील हे कोणी केलं, आणि मग होऊ दे काय व्हायचं ते. छापायच्या आधीच होईल, पंचांगाला काही धक्का लागायचा नाही. असा माझा हिशेब होता. माझ्या गणितात चूक नाही असं मला वाटत होतं.

काकांच्या घरी एक रीत होती. पंचांग छापायला देण्याआधी पाडव्याचं पान काकांपुढे मोठ्याने वाचायचं. सगळं बरोबर निघालं की त्या पानाला कुंकू लावायचं, गूळ-खोबरं वाटायचं आणि मग कागद छापखान्यात. पाटीवर गणित व्हायचं तेव्हा ह्या रितीत काही धोका नव्हता, कारण बाकीचा प्रत्येक महिना करता करताच चार वेळा पडताळलेला असायचा. डोळे होते तोवर काका तरीही सगळी पानं नजरेखालून घालत. पण त्या वर्षी एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं होतं, दुसऱ्याला फक्त उजेड-अंधार कळत होता. मला हे माहीत होतं. मी माझ्या सोयीने विसरले होते.

काकांच्या सूनबाई, सुमनवहिनी, त्यांनी पाडव्याचं पान वाचलं. वार, तिथी, नक्षत्र, सूर्योदय. काका डोळे मिटून ऐकत होते, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होते. वाचून झालं तेव्हा म्हणाले, "चोख आहे. लीले, तुझं यंत्र चोख आहे हो." मी म्हटलं, "काका, बाकीची पानं?" ते म्हणाले, "तू केलंयस ना? मग झालं."

त्यांनी चाचपडत कुंकवाचं बोट पानाला टेकवलं. वहिनींनी माझ्या हातावर गूळ-खोबरं ठेवलं. हेमंत माझ्या शेजारी मांडी घालून बसला होता, पहिल्यांदाच त्या घरी आलेला, कौतुकाने सगळं बघत. माझ्या पर्समध्ये फाल्गुनाचे कागद होते. मी ते बाहेर काढले असते तर तिथल्या तिथे सगळं मिटलं असतं. पण मग विचारलं गेलं असतं की तुला हे कधी कळलं. मी गूळ खाल्ला आणि गप्प बसले. कागद छापखान्यात गेले.

महिन्याभराने पंचांगं छापून, बांधून तयार झाली. गावोगावचे गठ्ठे नानाखेड़ाच्या बसस्टँडवर पोचले आणि हेमंत एक प्रत हातात घेऊन जिना चढत आला. जुनी माणसं नवीन पंचांग हातात आलं की पाडव्याचं पान उघडतात. आमच्याकडची तरुण माणसं एकच गोष्ट बघतात.

"ताई," तो म्हणाला, "रंगपंचमी कहाँ गई?"

वहिनींनी प्रत्येक तिथीपुढे सण लिहिले होते. पंचमीची ओळच नव्हती, त्यामुळे सणही नव्हता. छापखान्यातल्या कोणाच्या ते लक्षात आलं नाही, कारण नसलेली ओळ कोणाला दिसत नाही.

मी काही बोलायच्या आत तो आत गेला आणि माझा प्रोग्राम उघडून बसला. मी दारात उभी होते, चपला घालूनच. दहा मिनिटांत तो त्या दोन ओळींपाशी पोचला. मागे वळून माझ्याकडे बघितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"ये आपने लिखा है? ग्यारह साल पहले? क्या दिमाग लगाया है, ताई." मग त्याचा आवाज खाली आला. "और फास्ट-मैथ ने दोनों लाइनें उड़ा दीं. मैंने उड़ा दीं."

ज्या कौतुकासाठी मी इतके महिने जळत होते ते मला असं मिळालं.

तो स्कूटर काढून नानाखेड़ाला गेला आणि बसच्या टपावर चढवलेले गठ्ठे त्याने ड्रायव्हर-कंडक्टरच्या हातापाया पडून उतरवून घेतले. धारचा एक गठ्ठा निघून गेला होता, त्याच्यामागे दुसऱ्या बसने गेला आणि तो घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं काकांच्या ओसरीवर होतो. वहिनींनी त्यांना काय झालं ते सांगितलं होतं. काका भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी बघितलं नव्हतं.

"आमच्या आजोबांपासून," ते म्हणाले, "एक तिथी चुकली नाही. प्लेगात नाही, लढाईत नाही. आणि आता डोळे गेल्यावर."

हेमंतने सांगितलं की शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत चिकटवू, फाल्गुनाचं सगळं पान नव्याने देऊ, मधल्या महिन्यांतली मिनिटंही देऊ. वहिनी मजकूर लिहायला बसल्या. "संगणकाच्या दोषामुळे..." असं त्यांनी वाचलं.

"खोडा ते," काका म्हणाले. "यंत्राला कसला दोष. आमच्यात गणित चुकलं तर शुद्धिपत्रात चुकणाऱ्याचं नाव घालतात. वडिलांच्या वेळी एकदा नक्षत्राची घटिका चुकली होती, त्यांनी स्वतःचं घातलं होतं. गणित कोणाकडून चुकलं?"

वहिनी पेन उचलून थांबल्या होत्या. काकांचा चेहरा माझ्या दिशेला होता, दिसत काही नसलं तरी. मला अजून आठवतं, मी तोंड उघडलं होतं.

"मुझसे, काकाजी," हेमंत म्हणाला. "गणित ताई का सही था. मेरी गलती से बिगड़ा. हेमंत व्यास लिख दीजिए."

वहिनींनी लिहिलं. काकांनी हात पुढे करून त्याचं डोकं शोधलं आणि त्याच्यावर ठेवला.

वाचकहो, तुम्हाला वाटेल मला तेव्हा लाज वाटली. वाटली, पण ती मागाहून. आधी जे वाटलं ते असं: अकरा वर्षं ह्या पंचांगाचं गणित मी करते आणि त्यावर माझं नाव कधी आलं नाही. मी मागितलं नाही आणि कोणाला सुचलं नाही. आणि हा येतो, पहिल्याच वर्षी ह्याचं नाव छापतात, आणि काका ह्याच्या डोक्यावर हात ठेवतात. चुकीसाठी नाव छापलं जात होतं आणि मला त्याचासुद्धा हेवा वाटला. त्या चुकीवर खरा हक्क माझा होता.

तीन दिवस आम्ही ओसरीवर बसून चिठ्ठ्या चिकटवल्या. वहिनी खळ करून द्यायच्या, हेमंत पान उघडून धरायचा, मी चिठ्ठी लावून तळहाताने दाबायचे. प्रत्येक चिठ्ठीवर खाली ते नाव. शेवटच्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा त्याने स्कूटर स्टँडवरून काढली, पण चालू केली नाही.

"ताई, बुरा मत मानना," तो म्हणाला. "मैंने आपसे पूछा था ना? इसके बारे में?"

तो आरोप करत नव्हता. त्याला खरंच नक्की आठवत नव्हतं. गेले काही दिवस तो झोपला नव्हता, वडिलांचं आजारपण होतंच, आणि आपण विचारलं की नुसतं विचारायचं ठरवलं ह्याची त्याला खात्री वाटत नव्हती. मी हो म्हटलं असतं तर तो रागावलाही नसता बहुतेक. त्याच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरलं असतं.

"नाही रे," मी म्हटलं. "मला नाही विचारलंस."

त्याने मान हलवली. "तो रह गया होगा. मेरी ही आदत है, जल्दी करने की."

त्यानंतर त्याने जल्दी सोडली. प्रत्येक सिस्टीम 'ओ-टू'वर, सभ्यपणे. गणिताच्या प्रोग्रामांना हात लावायच्या आधी वही घेऊन बसायचा, विचारलेलं लिहून घ्यायचा, समोरच्याची सही घ्यायचा. पुढे तो पुण्याला गेला, फार मोठा झाला. सांगतात की तिथे नवीन मुलांना तो आपली एक जुनी चूक सांगतो: मी एका ताईला विचारायला विसरलो आणि एका आंधळ्या शास्त्र्याची रंगपंचमी खाल्ली. मुलं हसतात आणि शिकतात. काका त्या चुकीनंतर दोन वर्षांनी गेले, तोवर दर पाडव्याला हेमंतला बोलावून विचारायचे, "काय रे, ह्या वर्षी पंचमी आहे ना?"

हेमंत, तुला मराठी वाचता येतं. तू विसरला नव्हतास. शनिवार होता, दुपार होती, चहा यायचा होता. तू मला दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा खोटं बोलले.